संगिनीवरील अक्षरें

संग्रहाचा छंद म्हटला म्हणजे पोस्टाचीं तिकिटें किंवा जुनीं नाणीं आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु इंग्लंड-युरोपांत जुन्या लष्करी संगिनी जमविणारेहि पुष्कळ गृहस्थ आहेत. बंदुकीच्या टोंकास लावावयाच्या या पात्यांत जमविण्याजोगें काय असतें, तें थोडक्यांत सांगतों.

संगिनीचा जन्म सतराव्या शतकांतला. फ्रान्समधील बायोन या शहरावरून तिचें इंग्रजी नांव पडलें, असें मानितात. प्रारंभीं तिची लांकडी मूठ बंदुकीच्या नळींतच बुचासारखी ठोंसून बसवीत. त्यामुळें संगीन चढली कीं गोळी सुटत नसे. हा दोष किती घातक होता, हें १६८९ सालीं स्कॉटलंडांतील किलिक्रँकीच्या लढाईंत दिसून आलें. सेनापति मॅके याचे शिपाई गोळ्या झाडून संगिनी बसवूं लागले, तोंच डोंगरी लोक तरवारी उपसून त्यांच्यावर तुटून पडले. त्या क्षणीं शिपायांच्या हातांत ना धड बंदूक, ना धड भाला! पुढें नळीवर बाहेरून बसणारी संगीन प्रचारांत आली व हा दोष नाहींसा झाला. संग्राहक या दोन्ही तऱ्हा शेजारीं शेजारीं मांडतो, तेव्हां हा सारा इतिहास एका दृष्टिक्षेपांत कळतो.

संगीन वाचतांहि येते. ब्रिटिश ली-एनफील्ड रायफलीची १९०७ च्या नमुन्याची संगीन घ्या. तिचें पातें १७ इंच लांब असतें. पात्याच्या मुळाशीं राजमुकुट व १९०७ हा आंकडा असतो. तो नमुन्याचा होय, घडणीचा नव्हे. त्याखालीं ४ व १७ असे आंकडे असले, तर ती १९१७ च्या एप्रिलांत घडली असें समजावें. बाणाची खूण सरकारी मालकी दाखविते, आणि फुलीची खूण पातें वांकवून पारखल्याची असते. अशा संगिनी बंगालमध्यें ईशापूर येथील कारखान्यांतहि होत असत. कित्येकींच्या मुठीवर पलटणीचीं अक्षरें असतात.

हीं अक्षरें म्हणजेच संगिनीची खरी किंमत. माझ्या एका स्नेह्याचे आजोबा फौजेंत होते. त्यांच्या पेटींतील गंजलेली संगीन आम्हीं दोघांनीं शाळकरी वयांत कानस व विटेची पूड लावून लखलखीत केली, आणि मोठा पराक्रम केला असें मानिलें. पुढें आजोबा कोणत्या पलटणींत होते, हें शोधण्याची वेळ आली. कागद एकहि उरला नव्हता. आणि मुठीवरील अक्षरें तर आम्हींच घासून टाकिलीं होतीं.

म्हणून जाणता संग्राहक जुनी वस्तु चकचकीत करीत नाहीं. मऊ फडक्यानें हलकें तेल लावून तो गंज वाढूं देत नाहीं, इतकेंच. कातडी म्यान ओल धरतें, म्हणून पातें त्यांत कायमचें ठेवीत नाहीं. आपल्या देशांत १९५९ च्या कायद्याखालील नियमांत संगिनीची गणना शस्त्रांत होते. तेव्हां घरीं अशी वस्तु असल्यास वडील माणसांनीं पोलीस ठाण्यांत चौकशी करावी, आणि मुलांनीं ती हाताळूं नये.

मुलांनीं करण्याजोगें एक काम मात्र आहे. घरांतील जुन्या वस्तूंची हकीगत आजी-आजोबांस आजच विचारून वहींत लिहून ठेवावी. लोखंडावरील अक्षर एक वेळ टिकेल. माणसाची आठवण टिकेलच असें नाहीं.