दाबलेल्या तारांची लिपी

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 14905 क्रमांकाची एक हस्तलिखित वही आहे. संगीताची वही, पण तिच्यात पाच रेघा नाहीत की गोल ठिपके नाहीत. एका आडव्या रेघेच्या वर अक्षरं, खाली अक्षरं, मधूनमधून वळणदार खुणा. काही पानांवर तर नुसते 1 आणि 0.

1613 च्या सुमारास वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या रॉबर्ट आप ह्यू या हार्पवादकानं ती लिहिली. काही भाग त्यानं विल्यम पेन्लिनच्या वहीवरून उतरवला. पेन्लिन जुन्या वळणाचा वादक. 1567 साली केरविसच्या मेळाव्यात वादकांना पदव्या मिळाल्या, त्यांत तोही होता. ही विद्या गुरूसमोर बसून, ऐकून शिकायची. पुढे ती परंपरा ओसरली. तीन रांगांत तारा असलेला, मूळचा इटलीतला हार्प लंडनमार्गे वेल्समध्ये आला आणि तोच ‘वेल्श हार्प’ म्हणून मिरवू लागला. वही राहिली, वाचणारे गेले.

अठराव्या शतकात ती लुईस मॉरिस या अभ्यासकाच्या हाती आली. संगीताचे इतिहासकार चार्ल्स बर्नी यांनीही ती पाहिली. 1807 मध्ये ती छापली गेली, तेव्हा हे अतिप्राचीन ब्रिटनचं संगीत आहे असं अनेकांना वाटत होतं. 1930 च्या दशकात जुन्या वाद्यांचे जाणकार अर्नोल्ड डॉल्मेच यांनी ते वाजवून दाखवलं, आणि त्यांचाही त्या प्राचीनतेवर विश्वास होता. आजचे अभ्यासक बहुतेक रचना चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या मानतात.

अक्षरांचं कोडं फारसं अवघड नव्हतं. प्रत्येक अक्षर म्हणजे एक तार. रेघेवर एका हाताच्या तारा, खाली दुसऱ्या हाताच्या. पण लिहिलेलं जसंच्या तसं पियानोवर वाजवलं की शेजारशेजारचे सूर एकमेकांवर आदळत आणि नुसता कल्लोळ होई.

किल्ली वहीतच होती, खुणांच्या तक्त्यात. ‘चार बोटांची वेणी’, ‘अंगठ्यानं गळा आवळणं’ अशी बोटांच्या हालचालींची नावं तिथं आहेत, आणि प्रत्येकीसमोर कोणती तार छेडायची याबरोबर कोणती दाबून गप्प करायची हेही आहे. बोट पुढच्या तारेवर गेलं की आधीची तार लगेच गप्प करायची. कल्लोळातले अर्धे सूर मुळात एकत्र वाजायचेच नव्हते!

तंत्र कळलं तरी वाद्य हवं होतं. आजच्या हार्पचा गोल, लांब रेंगाळणारा नाद इथं चालत नाही. त्या काळच्या हार्पमध्ये प्रत्येक तारेच्या बुडाशी वाकडी लाकडी खुंटी असे. ती तारेला जेमतेम टेकवली की तार गुणगुणते, जशी जवारी लावलेली तंबोऱ्याची तार. तार आतड्याची किंवा घोड्याच्या केसांची, आणि छेडायची नखांनी. विल्यम टेलरसारख्या वादकांनी असे हार्प हाती घेतले, तेव्हा दाबलेल्या आणि सोडलेल्या सुरांतला फरक कानाला लख्ख कळू लागला.

1 आणि 0 चा अर्थही असाच उघडला. ती सुरांच्या दोन गटांची नावं आहेत. ‘कॉर्फिनिउर’ हा एक बंध 1100 1011 1100 1011 असा लिहिलेला आहे. असे चोवीस बंध वादकाला तोंडपाठ असायचे. वरचा हात हवी ती नक्षी काढे, पण खालचा या आराखड्यावरून हलत नसे. शिवाय हार्पला पेडल नव्हते. त्यामुळे रचना बदलली की सबंध वाद्य दुसऱ्या मेळात लावावं लागे. वहीत अशा पाच मुख्य मेळांची नावं येतात.

एक कुलूप मात्र अजून पुरतं उघडलेलं नाही. कोणता सूर किती वेळ ठेवायचा, हे अक्षरं सांगत नाहीत. ते गुरूच्या बोटांत होतं. म्हणून डॉल्मेच, टेलर आणि धातूच्या तारांवर वाजवणारे आयरिश वादक पॉल डूली यांनी एकाच पानावरून वाजवलं, तरी प्रत्येकाची लय निराळी. अभ्यासकांचा वाद आता त्या लयीवरच आहे, आणि तो पुन:पुन्हा वाजवूनच पुढे सरकतो.