एक पाटा काढला तर?

कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० वरून बनवली गेलेली पद्मिनी २००१ पर्यंत तयार होत होती. मुंबईच्या टॅक्सींमधून ती २०२३ मध्ये बाद झाली, तरी हौशी लोकांनी ती जपली आहे. त्यातल्या काहींना तिची मागची बाजू जमिनीलगत दिसायला हवी असते. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मागच्या कमानीतला एक पाटा काढून टाकणे.

हे समजण्यासाठी वर्गातली पट्टी पुरेशी आहे. प्लास्टिकची पट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरा आणि टोकाला वजन टांगा. आता तशीच दुसरी पट्टी तिच्यावर नुसती ठेवा. वाक निम्मा होईल. (दोन्ही पट्ट्या गोंदाने चिकटवल्या तर वाक एकअष्टमांश होईल, का, ते विद्यार्थ्यांना शोधू द्या.) कमानीतले पाटे एकमेकांवर घसरू शकतात, म्हणून ते सुट्या पट्ट्यांसारखे वागतात. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांतला एक काढला की ताठपणा चार-पंचमांश उरतो.

समजा, रिकाम्या गाडीच्या वजनाने कमान १० सेंमी दबलेली आहे आणि अ‍ॅक्सल वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळायला ८ सेंमी अवकाश आहे. पाटा काढल्यावर कमान १२.५ सेंमी दबेल. गाडी अडीच सेंमी खाली आली, मालक खूश! पण अवकाश ५.५ सेंमीच राहिला. आता माणसे बसवा. ज्या ओझ्याने पूर्वी गाडी ४ सेंमी दबे, त्याने आता ५ सेंमी दबेल. पूर्वी ४ सेंमी शिल्लक राहत; आता अर्धा!

वर्धा जिल्ह्यात हा अर्धा सेंमी फार काळ टिकत नाही. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो. प्रत्येक लाटेवर अ‍ॅक्सल ठोकळ्यावर आपटतो. त्या क्षणी कमान असून नसल्यासारखी. चाक रस्त्यावरून उचलले जाते, आणि उचललेल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग नसतो.

कमान अ‍ॅक्सलच्या खालून जात असेल तर दोघांमध्ये लोखंडी ठोकळा घालूनही गाडी खाली आणता येते. ताठपणा तोच राहतो, म्हणून वरच्या उदाहरणात दीड सेंमी उरेल. हे बरे, पण पुरेसे नाही. पाटे गॅसने तापवून वाकवणे मात्र सर्वांत वाईट, कारण पोलादाला दिलेले पाणी उतरते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, हेही मालकाने वाचावे.

दहावीसाठी एक गणित. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.३४ मीटर अंतर आहे. चारही चाके त्या कंसावर असताना पोटाखालची जागा सुमारे ४ सेंमीनेच कमी होते. गावाच्या वेशीवर रातोरात घातलेला अरुंद उंचवटा तेवढाच उंच असला, तरी तो पूर्ण १० सेंमी घेतो.