आधी नकाशा, मग करार

उत्तर मोझांबिकमधल्या नांपुला प्रांतातलं एक गाव. काजूच्या झाडाखाली बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, आणि दोन्ही गट मातीत काठीने गावाचा नकाशा काढत होते. पुरुषांनी रस्ता, शाळा, मुखियाचं घर काढलं. बायकांनी पाण्यापासून सुरुवात केली. मग सरपणाची वाट, कबरी, पावसाळ्यात अळंबी मिळते ती राई आणि विसाव्याला सोडलेली शेतं. इथले मकुवा लोक मातृवंशीय, जमीन बहुधा आईच्या कुळाकडून येते. त्यामुळे कोणतं रान उद्या कोण कसणार, हे बायका ठामपणे सांगत होत्या. दोन्ही नकाशे जुळवताना बराच वेळ वाद चालला. मला तो वादच सगळ्यात मोलाचा वाटला. बाहेरच्याला पडीक दिसणाऱ्या जमिनीला धनी आहे, हे तिथेच उघड होतं.

पुढे शेजारगावच्या लोकांना घेऊन हद्दीवरून चालायचं. ओढा, वारूळ, जुनं झाड अशा खुणा दोघांनी कबूल करायच्या. मग जीपीएसने मोजणी आणि सरकारदफ्तरी नोंद.

मोझांबिकमध्ये जमीन सरकारची. ती विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. मात्र 1997च्या कायद्याने पूर्वापार वहिवाट असलेल्या गावांचा वापरहक्क मान्य केला. त्याला कागद लागत नाही, तोंडी साक्ष चालते. गुंतवणूकदाराला 50 वर्षांपर्यंत हक्क मिळू शकतो, पण आधी गावाशी सल्लामसलत सक्तीची आहे.

अडचण इथेच येते. हद्द नोंदलेली नसेल, तर कंपनीच्या तयार नकाशासमोर गाव नुसतं मान डोलावतं. जपान आणि ब्राझीलच्या साथीने 2009मध्ये आखलेल्या प्रोसवाना या शेतीविकास योजनेला याच पट्ट्यातल्या शेतकरी संघटनांनी जमीन जाण्याच्या भीतीने विरोध केला. 2020मध्ये ती बंद झाली. माझ्या मते नोंद न झालेल्या गावात घेतलेली संमती ही संमतीच नव्हे.

आपला याच्याशी थेट संबंध आहे. भारताने 2016मध्ये मोझांबिककडून तूर घेण्याचा करार केला, वर्षाला एक लाख टनांपासून दोन लाख टनांपर्यंत. ही तूर मुख्यतः छोटे शेतकरी पिकवतात. म्हणून तिथे जमीन मागणाऱ्या भारतीय कंपन्यांनी गावाची हद्द दफ्तरी लागेपर्यंत थांबावं, आणि तिच्या मोजणीचा खर्चही उचलावा.