एक यंत्र, तीन चात्या

अप्पेपात्रांत सात अप्पे एकदम होतात खरे; पण एका बाजूची आंच वाढली म्हणजे कांहीं करपतात, कांहीं कच्चे राहतात, आणि गृहिणीची तारांबळ उडते. विमानाचे भाग घडविणाऱ्या कारखान्यांत अनेक चात्यांचीं यंत्रें आणावीं कीं नाहीं, हा प्रश्न मुळांत याच जातीचा आहे. चाती हा शब्द चरख्यामुळें परिचित आहे. यंत्रशाळेंत तिला स्पिंडल म्हणतात. तिच्या टोंकाला धारदार कटर बसवितात, आणि तो गरगर फिरत धातूचा कीस काढीत जातो.

विमानाच्या सांगाड्यांतील अनेक महत्त्वाचे भाग, पाषाणांतून मूर्ति कोरावी तसे, अखंड ठोकळ्यांतून कोरून काढतात. वजन वांचविण्यासाठीं हें कोरणें इतकें चालतें कीं, दहा किलो धातूपैकीं नऊ किलोंचा कीस झाला तरी त्याचें नवल वाटत नाहीं. ठोकळा ॲल्युमिनियमचा असेल तर काम भराभर उरकतें. टायटॅनियमची गोष्ट निराळी. हा धातु पोलादाहून हलका, बळकट आणि गंजाला दाद न देणारा. पण उष्णता वाहून नेण्याच्या कामीं अगदींच आळशी. विमानांत नेहमीं वापरला जाणारा त्याचा मिश्रधातु, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या मानानें, सुमारें विसावा हिस्साच उष्णता वाहून नेतो. त्यामुळें कापतांना उत्पन्न झालेली उष्णता कटरच्या धारेपाशींच सांचते. वेग थोडा अधिक झाला कीं धार गेलीच म्हणून समजावें. मिनिटाला सुमारें ५० मीटर, ही अशा कामांत कटरच्या धारेची नेहमींची चाल. ॲल्युमिनियमवर तीच धार याच्या कित्येक पट धांवते.

वेग वाढवितां येत नाहीं, तर एका वेळीं अधिक ठोकळे कां कापूं नयेत? एका आडव्या तुळईवर तीन चात्या, खालीं शेजारीं शेजारीं तीन ठोकळे. एकीनें जें करावें तेंच उरलेल्या दोघींनीं त्याच क्षणीं करावयाचें. अमेरिकेंत हेलिकॉप्टरच्या पात्यांचें काम करणाऱ्या जॉन पार्सन्स यांना यंत्र आंकड्यांच्या आज्ञेनें चालविण्याची कल्पना सुचली. १९४९ सालीं हवाई दलाच्या पैशानें तिच्यावर काम सुरू झालें, व १९५२ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें छिद्रें पाडलेल्या फितीवरून चालणारें यंत्र लोकांना दाखविलें. पुढें एकच आज्ञा तिन्ही चात्यांना देणें सोपें झालें, आणि सिन्सिनाटी शहरीं बनलेलीं तीन चात्यांचीं प्रचंड यंत्रें विमानांच्या कारखान्यांत राबूं लागलीं.

मग तीन चात्या म्हणजे तिप्पट काम? हिशेब चुकतो तो येथेंच. समजा, एक कटर न तुटतां फेरी पुरी करील अशी शक्यता शंभरांत ९५ आहे. तर तिन्ही कटर सुखरूप राहण्याची शक्यता शंभरांत ८६ च उरते. एक तुटला कीं तिघांनाहि थांबावें लागतें. आज्ञेंत चूक असली तर एकाऐवजीं तीन महागडे ठोकळे भंगारांत जातात. तिन्ही कटरांची लांबी मिलिमीटरच्या शतांश भागांपर्यंत जुळवावी लागते, आणि प्रत्येक चातीखालून निघालेला भाग निराळा तपासावा लागतो. आणखी एक गंमत आहे. डाव्या व उजव्या पंखांचे भाग पायांतील जोड्याप्रमाणें एकमेकांचीं प्रतिबिंबें असतात. सर्व चात्या तर एकाच दिशेनें सरकणार! तेव्हां ती जोडी अशा यंत्रावर एका फेरींत निघत नाहीं.

मोटारी वर्षाला लाखांनीं बनतात; एअरबस कंपनीनें २०२३ सालीं गिऱ्हाइकांना दिलेलीं विमानें ७३५ होतीं. इतक्या थोड्या संख्येसाठीं असें यंत्र परवडतें, तें एका विमानांतच सारखे भाग वारंवार लागतात म्हणून. इंजिनांत हवा दाबणाऱ्या एकेका चक्राला हुबेहूब सारखीं डझनावारी पातीं असतात. तेथें तीन काय, अधिक चात्याहि शोभतात. परंतु ज्या लहान कारखान्यांत आज एक भाग तर उद्यां दुसराच येतो, त्याच्या मालकानें तिप्पट उत्पन्नाच्या लोभानें या यंत्रावर पैसा घालणें शहाणपणाचें नव्हे. त्यानें तीन सुटीं यंत्रें घ्यावींत. एक बिघडलें तरी दोन चालत राहतात.