काळी पडलेली बाटली आणि सिव्हिलची पदवी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो, “मुलीला चांगले मार्क पडलेत, सिव्हिल मिळतंय, घेऊ द्यावं का?” आणि लगेच पुढचं वाक्य, “पण ते सिमेंट-वाळूचं काम, पोरीच्या जातीला कसं जमायचं?” म्हणून आज आपण बघू या, की सिव्हिल, म्हणजे मराठीत स्थापत्य अभियांत्रिकी, या शिक्षणात मुलं-मुली शिकतात तरी काय.

सुरुवात आपल्याच हातातल्या कामापासून करू. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं ठरलं. तुमच्यापैकी काहीजणींनी ते घेतलंही असेल. बाटलीत विहिरीचं पाणी भरायचं, एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं की समजायचं पाणी दूषित आहे. इथवर आपलं काम. पण पाणी घाण झालं कुठून? टाकीत, पाइपात, की मूळ विहिरीतच? टीसीएल पावडर किती टाकायची, म्हणजे शेवटच्या घराच्या नळालासुद्धा ओ.टी. टेस्टला रंग येईल? हे पुढचे प्रश्न ज्या विषयात शिकवतात, त्याचं नाव पर्यावरण अभियांत्रिकी. बहुतेक कॉलेजांत तो सिव्हिलच्याच अभ्यासाचा भाग असतो. पदवीनंतर त्यात वेगळं एम.टेक. करता येतं.

या विषयाच्या प्रयोगशाळेत मुली पाण्यातला गढूळपणा, क्षार, फ्लोराईड, नायट्रेट मोजतात. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे फ्लोराईड १.५ मिलिग्रॅमच्या वर आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, असं आपल्या देशाचं मानक सांगतं. फ्लोराईड जास्त झालं की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. आपण म्हणतो, दात नीट घासत नाही. पाणी मात्र कुणी तपासत नाही.

आता संडासाच्या शोषखड्ड्याचं बघा. विहिरीपासून तो किती लांब हवा? सगळीकडे एकच आकडा चालत नाही. बारीक मातीत घाण बरीचशी गाळली जाते. आपल्याकडच्या भेगाळ काळ्या खडकात मात्र तीच घाण पावसाच्या पाण्याबरोबर भेगेभेगेतून लांबवर जाते. म्हणून जमीन बघितल्याशिवाय खड्डा घ्यायचा नाही, हे या शिक्षणात पहिल्यांदा कळतं. गटाराचंही तसंच. उतार कमी पडला की गाळ बसतो, डास होतात. उतार मोजायला लेव्हलचं यंत्र आणि आकडे लिहिलेली उंच पट्टी लागते, ताकद लागत नाही. सर्वेक्षण या विषयात मुली उन्हात उभ्या राहून हेच शिकतात. उन्हात उभं राहणं आपल्या लेकींना नवं आहे का?

बांधकामाचा भाग अर्थातच मोठा असतो. काँक्रीटचे चौकोनी ठोकळे भरायचे, पाण्यात ठेवायचे, ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडायचे, म्हणजे माल खरा की खोटा ते समजतं. अंदाजपत्रक कसं करतात, मोजमाप पुस्तकात काम कसं नोंदवतात, हेही शिकवतात. ग्रामसभेत नव्या रस्त्याचा विषय निघतो तेव्हा हे वाचता येणारी एक मुलगी गावात असली, तर काय फरक पडेल ते तुम्हीच बघा.

आणि हे बायकांना जमतं का, याचं उत्तर फार पूर्वी मिळून गेलंय. शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिलची पदवी घेतली आणि पुढे पूल बांधले. ठरावीक आकाराचे लोखंडी भाग जोडून पूल उभा करायची पद्धत त्यांनी पतीबरोबर काढली. त्यातला पहिला पूल १९७२ साली हिमाचलातल्या स्पितीसारख्या दुर्गम भागात उभा राहिला.

आता वाट कशी धरायची ते सांगतो. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा. त्याला प्रवेशपरीक्षा नाही, दहावीच्या मार्कांवर मिळतो. डिप्लोमा झाला की थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दुसरी वाट बारावी सायन्सची. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन सीईटी द्यायची, मग चार वर्षांची पदवी. आमचं मत विचाराल तर घरात पैशांची ओढ असेल तेव्हा डिप्लोमा बरा, कारण जिल्हा परिषदेतल्या कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेला त्यावर बसता येतं.

एक गोष्ट लपवत नाही. खाजगी ठेकेदाराकडे सुरुवातीचा पगार कमी असतो, आणि साइटवर बाईमाणसासाठी संडास नसणं ही नेहमीची तक्रार आहे. नोकरी धरताना मुलीने हे आधी विचारावं. त्यात लाजायचं काही नाही.

फीचं म्हणाल तर २०२४-२५ पासून राज्य सरकारने ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींची इंजिनिअरिंग पदवीची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी कॅप फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही, इथे बरेच पालक फसतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. वसतिगृह आणि मेसचा खर्च या माफीत येत नाही, तो आधीच धरून चाला.

उत्पन्नाचा, जातीचा आणि अधिवासाचा दाखला निकालाची वाट न बघता आत्ताच सेतू केंद्रात टाका. निकालानंतर तिथे रांग लागते, आणि कागद हातात नसला की कॅपची तारीख निघून जाते. दाखल्यावरचं मुलीचं नाव दहावीच्या मार्कलिस्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते तिथेच उभं राहून वाचून घ्या.