‘हाल्ब नॉयन’ म्हणजे किती वाजता?

समजा तुम्हाला कुणी सांगितलं, ‘उद्या अर्ध्या नऊला ये,’ तर तुम्ही किती वाजता जाल? साडेनऊला? मग तुम्हाला चक्क एक तास उशीर झाला म्हणून समजा!

असा उशीर माझ्या एका विद्यार्थ्याला खरोखरच झाला. १२ वर्षांपूर्वी तो माझ्या चौथीच्या वर्गात होता. पुढे इंजिनियरिंग शिकताना सहा महिन्यांच्या उमेदवारीसाठी तो जर्मनीतल्या श्टुटगार्टला गेला. उमेदवारी म्हणजे कारखान्यात राहून प्रत्यक्ष काम शिकणं. हल्ली त्याला इंटर्नशिप म्हणतात. श्टुटगार्ट म्हणजे मर्सिडीज आणि पोर्शे मोटारींचं गाव. १९६८ पासून आपल्या मुंबईचं ते भगिनी-शहरही आहे बरं का! परत आल्यावर तो शाळेत भेटायला आला, तेव्हा मी विचारलं, “काय रे, कसं होतं काम?”

“बाई, काम सोपं होतं. राहणं अवघड होतं!” तो म्हणाला.

तो तिथे पोचला शनिवारी रात्री. रविवारी सकाळी पिशवी घेऊन दूध-भाजी आणायला निघाला, तर सगळी दुकानं बंद! जर्मनीत रविवार हा विश्रांतीचा दिवस. तिथल्या राज्यघटनेतच तसं लिहिलेलं आहे. रेल्वे स्टेशनातली दुकानं आणि काही बेकऱ्या उघड्या असतात, पण नव्या माणसाला हे सांगणार कोण? येताना घेतलेली पाण्याची बाटली उघडली, तर आत बुडबुडे! सोडाच तो. नळाचं पाणी तिथे खुशाल पिता येतं, हेही त्याला ठाऊक नव्हतं. तो दिवस त्याने आईने दिलेल्या बेसनलाडवांवर काढला.

सोमवारी साहेबांनी सांगितलं, “उद्या बैठक, ‘हाल्ब नॉयन’.” हाल्ब म्हणजे अर्धा, नॉयन म्हणजे नऊ, एवढं जर्मन त्याला येत होतं. मंगळवारी स्वारी बरोबर नऊ पंचवीसला हजर! पाच मिनिटं आधीच. पाहतो तो काय, बैठक संपवून सगळे उठत होते. कुणी रागावलं नाही, पण त्याचे कान तापले. वेळेच्या बाबतीत ती माणसं किती काटेकोर, हे तो ऐकून होता. ‘पहिल्याच आठवड्यात आपली पत गेली,’ त्याला वाटलं. आता कुणाला तोंड दाखवू नये, सरळ घरी निघून जावं, असंही मनात आलं. रात्री आठला त्याने आईला फोन केला, तेव्हा आपल्याकडे साडेअकरा वाजले होते. (उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार तास.) आईने विचारलं, “बरा आहेस ना?” तो म्हणाला, “मजेत आहे गं!” आणि फोन ठेवून रडला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. तो साहेबांकडे गेला आणि म्हणाला, “माझं काय चुकलं, ते मला समजावून सांगाल का?” साहेबांनी कागदावर घड्याळ काढलं. आठ तास पूर्ण झाले आणि नववा अर्धा झाला, की ‘हाल्ब नॉयन’. म्हणजे साडेआठ!

आणि आपल्या गड्याला एकदम आठवलं, अरे, हे तर आपलं ‘अडीच’! अडीच हा शब्द आला संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. आहे की नाही तीच रीत? मग त्याला आणखी सापडत गेलं. आपण ‘एकवीस’ म्हणताना एक आधी घेतो आणि वीस नंतर. जर्मन माणूसही ‘एक आणि वीस’ असंच म्हणतो. आपल्यासारखी तीन लिंगं त्यांच्याकडेही आहेत. ‘तू’ कुणाला म्हणायचं आणि ‘तुम्ही’ कुणाला, हा आपला पेच त्यांनाही पडतो!

आता आणखी एक गंमत ऐका. एका संध्याकाळी त्याच्या दारावर एक पाटी लटकत होती. ‘चुकून लावली असेल,’ म्हणून त्याने ती शेजारच्या दारावर अडकवली. थोड्याच वेळात शेजारच्या आजीबाई पाटी घेऊन दारात उभ्या! पाटीवर लिहिलं होतं ‘केरवोखे’. ‘केर’ हा शब्द ऐकून त्याला हसू आलं, पण अर्थही तसाच निघाला! ‘केरन’ म्हणजे झाडणं आणि ‘वोखे’ म्हणजे आठवडा. पाटी ज्याच्या दारी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा आणि मग पाटी शेजारी द्यायची. ही त्या भागातली जुनी पद्धत. या वेळी तो लाजला नाही. “कसं झाडायचं, दाखवता का?” असं त्याने विचारलं. आजीबाईंनी झाडू तर दाखवलाच, शिवाय कचऱ्याचे डबेही समजावले. कागद एकीकडे, वेष्टणं दुसरीकडे, भाजीची देठं तिसरीकडे, उरलेलं चौथीकडे. रिकामी बाटली तर फेकायचीच नाही! पेयाच्या बहुतेक प्लॅस्टिक बाटल्यांवर २५ सेंट अनामत घेतलेली असते. दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की ती परत मिळते. उरलेला एक लाडू आजीबाईंना मिळाला, हे सांगायला नकोच!

“बाई, त्या दोघांनी सांगितलं म्हणून मी टिकलो,” तो म्हणाला.

मुलांनो, परदेश अजून लांब आहे. पण तुमच्या वर्गात मध्येच एखादा नवा मुलगा येतो ना? कधी दुसऱ्या गावाहून, कधी दुसऱ्या राज्यातून. पाण्याचा नळ कुठे, प्रार्थनेला कुठल्या रांगेत उभं राहायचं, बाई कशाला रागावतात, त्याला काहीच ठाऊक नसतं. तो चुकतो, वर्ग हसतो, आणि मधल्या सुट्टीत तो एकटाच डबा उघडतो. घरी मात्र सांगतो, ‘मजेत आहे.’

तुम्ही नवे असाल, तर विचारायला लाजू नका. आणि नवा दुसरा कुणी असेल, तर त्याने विचारायची वाट पाहू नका. उद्या त्याच्या शेजारी जाऊन बसा. कराल ना एवढं?