खांद्यावरचा वायरलेस

२००९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर मी पहिली कयाक घेतली. लहानपण मालवणात खडपावर बसून गरवण्यात गेलेलं. त्यामुळे इथे कयाकवरून गळ सोडणारी माणसं बघितली तेव्हा वाटलं, हे तर आपलंच काम. कयाकपाठोपाठ फिश फाइंडर आला. त्याच्यासाठी मी तीन महिने चौकशा केल्या होत्या. वायरलेसही घेतला, पण जो स्वस्त मिळाला तो, आणि पुढच्या कप्प्यात टाकून दिला. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या दोन यंत्रांवर बराच पैसा आणि वेळ गेला. त्याचा मला खेद नाही. तो क्रम मात्र अजून खटकतो.

पहिल्या फिश फाइंडरचा पडदा काळा-पांढरा होता. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. सोडलेला आवाज तळाला लागून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र खोली सांगतं. मी ती फॅदममध्ये लावून घेतली. फॅदम म्हणजे सहा फूट, म्हणजे आपला वावच. आमचे आजोबा शिसं बांधलेली दोरी सोडायचे आणि हात पसरून वाव मोजायचे. पडद्यावर बारा वाव दिसले की मला आजही त्यांचे पसरलेले हात दिसतात.

आवाज सोडणारा ट्रान्सड्यूसर मी कयाकच्या आत, तळाला सिलिकॉनने चिकटवला होता. बाहेर लावला तर वाळूवर घासतो आणि केल्पच्या वेलींत अडकतो. पण आतून लावताना सिलिकॉनमध्ये हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी आवाज तिथेच अडतो. माझ्या पहिल्या खेपेला पडद्यावर नुसती खरखर उमटली. सगळं खरवडून काढलं आणि दुसऱ्यांदा सिलिकॉन भरपूर ओतून ट्रान्सड्यूसर हळूहळू फिरवत दाबला, तेव्हा कुठे तळ स्पष्ट दिसायला लागला. आतल्या ट्रान्सड्यूसरला पाण्याचं खरं तापमान मात्र कळत नाही, त्याला कयाकच्या प्लास्टिकचंच कळतं.

दोन वर्षं मी माशांच्या कमानी शोधत राहिलो. माहितीपत्रकात होडीखाली सुरेख कमानी दाखवलेल्या असतात. कमान उमटते ती मासा आवाजाच्या शंकूत एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो म्हणून. आधी तो लांब असतो, मग जवळ येतो, मग पुन्हा लांब जातो. कयाक थांबलेली आणि मासाही थांबलेला असेल तर कमान कुठून येणार? तिथे लांब आडवी रेघ येते. ती रेघ म्हणजे खडपाला चिकटून असलेला रॉकफिश, हे कळलं त्या दिवसापासून मासे लागायला लागले. रॉकफिशच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे त्याचा प्रतिध्वनी जोरकस येतो. मुशीला ती पिशवी नसते, त्यामुळे ती फिकी दिसते.

पुढे माझा पडदाही रंगीत झाला. बाजूचा तळ दाखवणारी यंत्रं २००५ पासूनच होती. २०१८ साली गार्मिनने लाइव्हस्कोप आणलं, त्यात पोहता मासा चालत्या चित्रासारखा दिसतो. मी ते एका मित्राच्या होडीवर बघितलं आणि थक्क झालो. पण कयाकला ते जड पडतं, त्याला मोठी बॅटरी लागते. माझ्या मते कयाकवर चार-पाच इंची पडदा पुरतो. पैसे घालायचेच तर लिथियमच्या बॅटरीत घालावेत. सात अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी दोन किलोंच्या वर भरते, लिथियमची त्याच्या निम्म्याच्या आसपास.

२०१२ साली लव्हर्स पॉइंटच्या बाहेर वारा एकाएकी फिरला आणि कयाक उलटली. पाणी बारा अंशांच्या आसपास असेल. वायरलेस पुढच्या कप्प्यात, कप्पा पाण्याखाली. कयाक सुलटी केली, दोनदा चढायला गेलो, दोन्ही वेळा घसरलो. बोटं आपली राहिली नव्हती. माझा जोडीदार वेंगुर्ल्याचा. त्याने सहज मागे वळून बघितलं म्हणून तो परत आला. मला वर ओढून घेतल्यावर त्याने एवढंच विचारलं, “वायरलेस खंय तुझो?”

त्याच आठवड्यात नवा घेतला. बुडला तर तरंगणारा, आणि लाल बटणाचा. झाकणाखालचं ते बटण दाबून धरलं की चॅनेल ७० वरून आपला नोंदणी क्रमांक आणि जीपीएसवरची जागा आपोआप जाते, बोलायची ताकद नसली तरी. चॅनेल १६ वर बोलून मदत मागायला तोंड लागतं आणि आपण कुठे आहोत ते ठाऊक असावं लागतं. अमेरिकेत हौशी होड्यांना १९९६ पासून अशा वायरलेससाठी परवाना लागत नाही. भारतात लागतो. आपल्याकडच्या मच्छीमारांसाठी इस्रोचं उपग्रहावरून संकट कळवणारं ‘डॅट’ आहे, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आपल्या गावातल्या प्रत्येक रापणकाराला पाठ हवा असं मला मनापासून वाटतं.

किती वॉटचा, हा प्रश्न मला सगळे विचारतात. हातातले संच पाच-सहा वॉटचे असतात, पण कयाकवर अडतं ते उंचीपाशी. या वायरलेसच्या व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. छातीशी, पाण्यापासून मीटरभर उंचीवर अँटेना असेल तर क्षितिज चार किलोमीटरवर संपतं. दोन कयाकांमध्ये फार तर आठ, लाटा असल्या तर त्याहूनही कमी. उलट, डोंगरावरच्या उंच अँटेनाला तुम्ही खूप लांबून ऐकू येता. २०१५ च्या ऑगस्टमध्ये धुक्यात आम्हा दोघांची चुकामूक झाली, तेव्हा हे अंगावर आलं. जोडीदाराचा आवाज तुटत तुटत येत होता, “तू खंय असस?” मी त्याच्या संचाकडे जागा मागितली. पडद्यावर त्याचं अंतर आणि दिशा आली. त्या दिशेने वल्हवत गेलो, तेव्हा धक्क्यावरच्या सी लायनांचं भुंकणं आधी ऐकू आलं आणि तो नंतर दिसला.

यंदा एप्रिलमध्ये रत्नागिरीहून शिकायला आलेला एक मुलगा कयाक घेऊन आला. त्याचा पहिला प्रश्न, “काका, पडदा पाच इंची घेऊ की सात?” मी त्याला लाइफ जॅकेट चढवायला लावलं, खांद्याला माझा संच बंद करून अडकवला, हातमोजे बादलीत बुडवून दिले. म्हटलं, डोळे मीट आणि लाल बटणावरचं झाकण उघड. तिसऱ्या खेपेला त्याचा अंगठा बरोबर झाकणाखाली गेला. मग आम्ही पडद्याचं बोलायला बसलो.